चेकच्या कोपऱ्यातली ओळ

दर महिन्याच्या एक तारखेला नाश्ता झाला की हॉलिस टकर टेबल स्वतः पुसायचा. एरवी घरातलं फडकं कुठे असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. टेबल कोरडं झालं की तो वाचायचा चष्मा लावायचा, चेकबुक उघडायचा आणि पहिल्या बायकोच्या नावाने पोटगीचा चेक लिहायचा. फ्लोरिडाच्या कोर्टाने त्याला कायमची पोटगी लावली होती. म्हणजे दोघांतलं एक मरेपर्यंत, नाहीतर मर्ना दुसरं लग्न करेपर्यंत. आणि मर्नाला लग्नाची अजिबात घाई नव्हती.

दुसरी बायको नोरीन तेव्हा मुद्दाम सिंकपाशी उभी राहून भांडी आपटायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि पंधरा वर्षं ती दर एक तारखेला न चुकता भांडी आपटत होती. पैशाचं तिला वाईट वाटायचंच. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवण वाढून तिचे खांदे गेले होते, आणि सदुसष्टाव्या वर्षी हॉलिस अजून लोकांच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत उन्हातान्हात हिंडत होता. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा ते पुसलेलं टेबल तिला जास्त झोंबायचं. तिच्यासाठी या माणसाने कधी टेबल पुसलं नव्हतं.

तो बोलायचाही नाही. वाढदिवसाला दुकानातलं छापील कविता असलेलं कार्ड आणायचा आणि खाली सही करायचा, 'हॉलिस टकर'. पूर्ण नाव, पंपाच्या बिलाखाली करायचा तसं. जणू घरात आणखी दोन-तीन हॉलिस होते आणि घोटाळा व्हायची भीती होती. बाहेर जाताना फ्रिजवर चिठ्ठी असायची, 'पंप. बॅबसन पार्क.' पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार म्हणायचा तर एवढाच.

पोटगीचा कायदा बदलायचं वारं राज्यात सुटलं, तेव्हा नोरीन बर्टीच्या मंडळात गेली. ते दुसऱ्या बायकांचं मंडळ होतं. स्वतः बर्टी तिसरी होती, पण मंडळात तिसरीलाही घेत. मंगळवारी संध्याकाळी धिरडी मिळणाऱ्या हॉटेलच्या मागच्या खोलीत या बायका जमायच्या, गोड चहाचे उंच ग्लास समोर घ्यायच्या आणि पहिल्या बायकांच्या नावाने बोटं मोडायच्या. कुणाची पहिली मित्राबरोबर राहत होती पण पोटगी जाईल म्हणून लग्न करत नव्हती, कुणाची पहिली समुद्रावर फिरायला गेल्याचे फोटो टाकत होती. नोरीनला तिथे बरं वाटायचं. इतक्या जणी एकत्र जळत असल्या की आपलं जळणं शरमेचं वाटत नाही.

नवं विधेयक साधं होतं. म्हातारा माणूस काम सोडत असेल तर त्याने कोर्टात अर्ज करावा, आणि न्यायाधीशाने पटल्यास पोटगी बंद करावी. जुन्या पोटग्यांनाही ते लागू होणार होतं. नोरीनला यातून एकच गोष्ट हवी होती. एक तारीख यावी आणि हॉलिसने टेबल पुसू नये.

"पोरींनो, आमदारांना रडगाणं नको असतं, कागद हवा असतो," बर्टी म्हणाली. तिने सगळ्यांना वटवलेल्या चेकच्या प्रती बँकेतून काढून आणायला सांगितल्या. एकेकीची फाईल जाड दिसली की समितीवर छाप पडते, असं तिचं म्हणणं होतं.

खातं दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे नोरीनला कुणाला विचारायची गरज पडली नाही. बँकेत सात वर्षांच्या प्रती मिळाल्या. चौऱ्याऐंशी चेक. काउंटरवरच्या मुलीने ते पिवळ्या पाकिटात घालून दिले आणि नोरीन गाडीत बसून, काचा वर करून, एकेक बघू लागली.

चेकच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ असते, पैसे कशासाठी दिले ते लिहायला. लोक तिथे भाडं लिहितात, वीज लिहितात, नाहीतर काहीच लिहीत नाहीत. हॉलिसने तिथे पोटगी असं एकदाही लिहिलं नव्हतं. पहिल्या चेकवर त्याच्या बारीक, उभ्या अक्षरात होतं, 'पपनसाला मोहोर उशिरा.' दुसऱ्यावर, 'पाऊस नाही. तळं आटलं.' मग 'उजवा गुडघा.' मग 'करकोचे आले. एक पिल्लू.'

नोरीनला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चौऱ्याऐंशी चेक, चौऱ्याऐंशी ओळी. हा माणूस दर महिन्याला त्या बाईला पत्र लिहीत होता. आणि तीन डॉलरच्या कार्डाखाली नोरीनला मात्र पूर्ण नाव.

'रस्टी गेला.' रस्टी नोरीनचा कुत्रा होता, तिने माहेराहून आणलेला. तो गेला त्या दिवशी हॉलिसने न बोलता पपनसाखाली खड्डा खणला होता आणि संध्याकाळी टीव्ही लावला होता.

आणि चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधला तो चेक. 'नोरीनचं ऑपरेशन. झोप नाही.'

हा चेक तिने किती वेळ हातात धरला कुणास ठाऊक. पित्ताशय काढलं तेव्हा हॉलिस तिच्या खाटेशी बसून होता. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली होती, "घाबरलास का रे?" तर तो म्हणाला होता, "पार्किंगचे अठरा डॉलर घेतात." ते अठरा डॉलर सांगून तिने चार वर्षं मैत्रिणींना हसवलं होतं. आणि त्याला झोप आली नव्हती, हे कुणाला कळलं? सेब्रिंग गावी चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहणाऱ्या मर्नाला. जे ऐकायला नोरीनने दुसराही अवयव काढून दिला असता, ते त्या बाईला घरबसल्या टपालाने पोचलं होतं.

घरी जाऊन ती हॉलिसला काही बोलली नाही. बोलली असती तर तो त्या ओळी लिहायचा थांबला असता, आणि मग तिला कायदा बदलून जिंकायला काय उरलं असतं? फाईल तिने कपड्यांच्या कपाटात ठेवली. पुढच्या एक तारखेपासून मात्र तिने भांडी आपटली नाहीत. सिंकपाशी उभी राहून ती त्याचं पेन ऐकत होती. रकमेपर्यंत ते सरळ जायचं, मग थांबायचं. हॉलिस खिडकीबाहेर बघायचा, बराच वेळ बघायचा, आणि मग पेन पुन्हा थोडंसं चालायचं.

समितीच्या सुनावणीला मंडळाने बस केली. पहाटे आपल्या लेक वेल्समधून निघून राजधानीला, टॅलहासीला पोचेपर्यंत सगळ्यांचे पाय सुजले. रस्त्यात उकडलेल्या शेंगांची पाकिटं घेतली होती, त्यांचं खारं पाणी सगळ्यांच्या निळ्या शर्टांवर सांडलं. सुधारणा हवी असणाऱ्यांनी निळे शर्ट घालायचे, नको असणाऱ्यांनी लाल, असं ठरलेलं होतं. हॉलिसला नोरीनने ये म्हटलं होतं. तो म्हणाला, "मला पंप आहे."

दारातच एक छोटं कार्ड भरून द्यावं लागायचं. नाव, गाव, विधेयकाच्या बाजूने की विरुद्ध, बोलणार की न बोलता पाठिंबा. नोरीनने ठसठशीत अक्षरात 'बोलणार' लिहिलं. बर्टीने तिच्याकडून दोन मिनिटांचं भाषण घोटून घेतलं होतं. त्यात हॉलिसचे गुडघे होते, तिचे खांदे होते, म्हातारपण होतं, आणि शेवटी आमदारांचे आभार.

समोरच्या लाल रांगेत एक उंच, सुकलेली बाई काठी टेकून बसली होती. नोरीनने तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. जुन्या फोटोत हीच मान होती. नोरीनला वाटलं होतं मर्ना एकतर देखणी असेल नाहीतर चवचाल. ती दोन्ही नव्हती. शर्टाची बाही तिने नीट दुमडून टाचणीने बसवली होती, बस्स. त्या टाचणीचाही नोरीनला राग आला.

मर्नाचं नाव आधी पुकारलं. ती म्हणाली की हॉलिसच्या धंद्याचा फोन तिने बावीस वर्षं उचलला. कुठल्या विहिरीत कुठला पंप आहे हे त्याच्या वहीत नव्हतं, तिच्या डोक्यात होतं. त्या बावीस वर्षांचा तिला पगार नव्हता, म्हणून आज तिच्याकडे पोटगी आहे. एवढं बोलून ती खाली बसली. चेकवरच्या ओळींचा तिने उल्लेखही केला नाही, आणि नोरीनला ती कंजुषी वाटली. श्रीमंत माणूस तिजोरीबद्दल बोलत नाही तशी.

बोलणारे फार होते. अध्यक्षबाईंनी दोन मिनिटांचं एक केलं, मग घड्याळ बघून अर्धं केलं. नोरीन माइकपाशी पोचली तेव्हा तिच्या हातात तीन पानं होती आणि वेळ तीस सेकंद.

तिने पानांकडे पाहिलं. गुडघ्यांनी सुरुवात करावी की खांद्यांनी, हे तिला ठरवता येईना. दहा सेकंद तशीच गेली. मग ती म्हणाली, "तो तिला दर महिन्याला लिहितो."

"कोण, बाई?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझा नवरा. चेकच्या कोपऱ्यात. पपनसाला मोहोर आला ते तिला लिहितो. त्याला झोप लागत नाही हे मला सांगत नाही, तिला लिहितो. हा कायदा झाला तर ते बंद होईल. म्हणून माझा पाठिंबा आहे."

घंटी वाजली. एक आमदार हसला, मग खोकल्याचं सोंग केलं. बर्टीने कपाळाला हात लावला. नोरीनने फाईल तशीच छातीशी धरली आणि ती सरळ बाहेर, बायकांच्या स्वच्छतागृहात गेली. तोंडावर पाणी मारत होती तेवढ्यात काठीचा आवाज आला.

मर्ना शेजारच्या नळाशी उभी राहिली. आरशातूनच तिने विचारलं, "पित्ताशयाचं होतं ना ऑपरेशन? आता खाल्लेलं पचतं का?"

नोरीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुला सगळंच कळतं की."

"ओळीत मावतं तेवढं कळतं." मर्नाने हात धुतले, कागदाने एकेक बोट पुसलं. "बावीस वर्षं एका घरात राहिलो. 'मीठ दे' याखेरीज तो माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. घटस्फोटानंतर पहिला चेक आला, त्यावर लिहिलेलं, 'घर फार मोठं वाटतं.' मी रडले आणि मग चिडले. हे घरात असताना सांगितलं असतंस तर, म्हटलं."

"मिरवू नकोस."

"मी कशाला मिरवू? तू त्याच्या शेजारी झोपतेस," मर्ना म्हणाली, आणि काठी उचलून निघून गेली.

बसमध्ये परतताना नोरीनने हे बोलणं पन्नासदा उलटसुलट केलं, आणि दर वेळी ते तिला मिरवणंच वाटलं. 'घर फार मोठं वाटतं.' ते घर तेच होतं, ज्यात ती पंधरा वर्षं राहत होती. म्हणजे मर्ना गेल्यावर मोठं वाटलं, आणि नोरीन आल्यावर ते पुन्हा लहान झालं की नाही, याबद्दल मात्र कुठे ओळ नव्हती. सात वर्षांपूर्वीचे चेक बँकेने नष्ट केले होते. तिने चौकशी केली होती.

विधेयक मंजूर झालं. मंडळाने धिरड्यांच्या हॉटेलात केक कापला. नोरीनने हॉलिससमोर वकिलाने केलेला अर्ज ठेवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. त्याचे गुडघे खरोखरच गेले होते, धंदा पुतण्याला द्यायचा असं त्यानेच ठरवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. अर्ज त्याने दोनदा वाचला. नोरीनचा जीव टांगणीला लागला होता.

"बंद झालं तर तिचं भागेल का?" त्याने विचारलं.

"तिची पेन्शन सुरू झाली आहे. वकिलाने काढलंय शोधून."

त्याने सही केली, पूर्ण नाव, आणि उठून पपनसापाशी जाऊन उभा राहिला. मर्नानेही कोर्टात फार ताणलं नाही. जॉर्जियातल्या बहिणीकडे राहायला जाणार असल्याचं तिने न्यायाधीशांना सांगितलं. फेब्रुवारीचा चेक शेवटचा ठरला. तो टपालात पडल्यावर नोरीन दहाव्या दिवशी बँकेत गेली आणि तिने प्रत मागितली. कोपऱ्यातल्या रेघेवर काही नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण उरलेला महिना तिला हाच घोर लागला की जे लिहिलं नाही ते किती मोठं असेल.

मग एक मार्च उजाडला. नाश्ता झाला, आणि हॉलिसने उठून फडकं घेतलं. अर्धं टेबल पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो फडकं हातात घेऊन तसाच खुर्चीवर बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

नोरीनला हे सहन झालं नाही. ज्यासाठी तिने चौऱ्याऐंशी चेक उपसले, आमदारांसमोर शोभा करून घेतली, तो दिवस आला होता, आणि टेबल तर पुसलंच होतं. तिने खणातून चेकबुक काढलं आणि त्याच्यासमोर टाकलं.

"मला लिही."

"काय?"

"चेक. माझ्या नावाने. एक डॉलरचा." तिचा आवाज चिरकला. "आणि कोपऱ्यात लिही. तिला लिहायचास तसं."

हॉलिसचे कान लाल झाले. तिला हे कधीपासून ठाऊक आहे, हे त्याने विचारलं नाही. चष्मा लावून त्याने तारीख घातली, तिचं नाव घातलं, एक डॉलर अक्षरी लिहिला. मग पेन थांबलं. बाहेर पपनसाच्या पलीकडून राखी करकोच्यांची जोडी गवतातून येत होती, तांबड्या टाळूची, आणि त्यांच्या पायांत काहीतरी पिवळसर लुडबुडत होतं. दोघांनीही ते पाहिलं. हॉलिस पाहत राहिला, पेन हवेतच.

"लिही ना," ती म्हणाली.

"तुला काय लिहू, नोरीन? तू इथेच आहेस. तुला दिसतंयच की."

त्याने खाली वाकून काहीतरी लिहिलं आणि चेक फाडून तिला दिला. कोपऱ्यात होतं, 'किराणा.'

चेक फाडून त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला मनापासून वाटलं. पण त्याचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. त्याने तिला फसवलं नव्हतं, त्याला खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि तेव्हा कुठे, वर्षभर उशिरा, मर्नाचं आरशातलं बोलणं तिच्या डोक्यात नीट बसलं. जिला दिसत नाही तिलाच हा सांगतो. घरातल्या बाईला सगळं दिसतं, असं हा माणूस धरून चालतो. मर्नाशी हा असाच वागला होता आणि आपल्याशीही असाच वागत होता. मर्नाला ओळी मिळाल्या त्या ती गेली म्हणून.

नोरीन काही जाणार नव्हती. जागा तर मुळीच सोडणार नव्हती. तिने आपली खुर्ची उचलली, फरफटत फिरवली, आणि खिडकीकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली.

"आता मला दिसत नाही," ती म्हणाली. "सांग."

"हे काय चाललंय?"

"मी सेब्रिंगला राहते असं समज. सांग, बाहेर काय आहे?"

हॉलिस तिच्या खांद्यावरून बाहेर बघत राहिला. तिला मान वळवून बघायची इतकी अनिवार इच्छा झाली की तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

"करकोचे आलेत," तो शेवटी म्हणाला. "दोन पिल्लं. एक मागे पडतंय."

नोरीनने चेकची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली. मर्नाला महिन्याला एका ओळीपेक्षा जास्त कधी मिळालं नव्हतं.

"आणखी सांग," ती म्हणाली.